एक सामना हरला की वर्ष संपलं

18 नोव्हेंबर 2025 ला ढाक्यात आपला फुटबॉल संघ बांगलादेशकडून 0-1 ने हरला. बांगलादेशने आपल्याला हरवलं ते 2003 नंतर पहिल्यांदाच. तसं पाहिलं तर त्या सामन्यात आपल्यासाठी काही उरलं नव्हतं. 2027 च्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीतून आपण महिनाभर आधीच बाद झालो होतो. तरी तो पराभव मनाला फार लागला. सोलापुरात भारताचा फुटबॉल संघ मन लावून पाहणारे फार नाहीत, पण जे आहेत ते एकमेकांना धरून आहेत. दुसऱ्या दिवशी सात रस्त्याजवळ चहाला जमलो तेव्हा स्कोअर सोडून बाकी सगळं बोलून झालं. शेवटी एक जण म्हणाला, "जाऊ दे की, आपला खेळच नव्हं त्यो." बाकीच्यांनी माना हलवल्या.

हे वाक्य मला मान्य नाही. ते खोटं आहे, आणि त्याच्या आडून आपण सगळे फार स्वस्तात सुटतो.

आधी काय घडलं ते नीट पाहू. आपल्या गटात जपान, इराण, कोरिया नव्हते. बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर होते. मार्च 2025 मध्ये शिलाँगला बांगलादेशशी 0-0. जूनमध्ये हाँगकाँगला भरपाई वेळेत पेनल्टी देऊन 0-1. 9 ऑक्टोबरला सिंगापुरात आपण एका गोलने मागे असताना आपला बचावपटू संदेश झिंगनला लाल कार्ड मिळालं, दहा जणांनी उरलेला सामना रेटला आणि रहीम अलीने 90 व्या मिनिटाला बरोबरी केली. ती संध्याकाळ मी विसरणार नाही, या सगळ्या मोहिमेत छाती भरून यावी असा तो एकच क्षण होता. पाच दिवसांनी मडगावला लालियानझुआला छांगतेने चौदाव्याच मिनिटाला लांबून सुरेख गोल केला, आणि तिथून पुढे सिंगापूरने दोन गोल करून आपल्याला आपल्याच मैदानावर स्पर्धेबाहेर काढलं. मग ढाका. पाच सामने, दोन गुण, विजय एकही नाही. ज्या स्पर्धेत आशियातले 24 संघ खेळतात, तिथे जाणंही आपल्याला जमलं नाही.

याआधीच्या दोन मोहिमाही याच वळणाच्या. जानेवारी 2024 मध्ये, इकडे सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरलेला असताना, कतारमध्ये आपण आशियाई चषक खेळत होतो. ऑस्ट्रेलियाकडून 0-2, उझबेकिस्तानकडून 0-3, सीरियाकडून 0-1. अख्ख्या स्पर्धेत एक गोल नाही. दुसरी मोहीम 2026 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीची. नोव्हेंबर 2023 मध्ये कुवेतला त्यांच्या घरी हरवून सुरुवात झकास झाली होती. पण गुवाहाटीत अफगाणिस्तानविरुद्ध सुनील छेत्रीच्या पेनल्टीवर पुढे असलेला सामना आपण शेवटच्या वीस मिनिटांत 1-2 ने गमावला. अफगाणिस्तानचा विजयी गोल 88 व्या मिनिटाचा. शेवटच्या सामन्यात दोह्यात कतारविरुद्ध आपण छांगतेच्या गोलने पुढे होतो. 73 व्या मिनिटाला कतारला जो गोल दिला गेला, तेव्हा चेंडू मैदानाच्या रेषेबाहेर जाऊन परत आत ओढलेला होता. तो अन्याय खराच. आजही त्याची चित्रफीत समोर आली की राग येतो. पण 85 व्या मिनिटाचा दुसरा गोल काही पंचांनी केला नव्हता.

ही मिनिटं जरा एकापाठोपाठ एक ठेवून बघा. 2019 च्या आशियाई चषकात बहारीनविरुद्ध एक बरोबरी आपल्याला पुढच्या फेरीत नेणार होती, तिथे 91 व्या मिनिटाला पेनल्टी. सीरियाचा गोल 76 व्या मिनिटाला. अफगाणिस्तानचा 88 व्या. हाँगकाँगचा भरपाई वेळेत. प्रशिक्षक बदलले, खेळाडू बदलले, पण घड्याळातली ही जागा काही बदलली नाही. लोक म्हणतात, आपल्या पोरांचा दम कमी पडतो. मला ते पटत नाही. दम वाढवायला आता देशी-परदेशी ट्रेनर आहेत, आहारतज्ज्ञ आहेत, पळण्याचा वेग मोजणारी यंत्रं अंगाला बांधलेली असतात. 85 व्या मिनिटाला जे कमी पडतं ते दुसरंच आहे. चेंडू मारून बाहेर काढायचा की पायाशी ठेवायचा, समोरचा अंगावर आला तर थांबायचं की पाय घालायचा, आपण पुढे आहोत तर थ्रो-इन घ्यायला किती सावकाश जायचं, हे निर्णय विचार करून होत नाहीत. ते अंगात मुरलेले असावे लागतात. आणि ते मुरतात सामने खेळून, सरावाने नव्हे. आठ-नऊ वर्षांपासून सोळाव्या वर्षापर्यंत शेकडो सामने. जिंकलेले, हरलेले, शेवटच्या मिनिटाला घालवलेले.

आपल्या पोरांना ते सामने मिळत नाहीत. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच.

बाकीची कारणं मी नाकारत नाही, फक्त ती नंतरची आहेत. प्रशिक्षकाचं घ्या. इगोर स्टिमाच पाच वर्षं होते, जून 2024 मध्ये त्यांना काढलं. मानोलो मार्केझ आले, ते त्याच वेळी गोव्याचा क्लबही सांभाळत होते, वर्षभरात गेले. ऑगस्ट 2025 मध्ये खालिद जमील आले. आपल्या मातीतला माणूस, आणि आल्या आल्या त्यांनी मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरं स्थान मिळवून दिलं. मला ते आवडतात. पण पंचवीस वर्षांच्या खेळाडूला पंधरा दिवसांच्या शिबिरात कुणीही काय शिकवणार? परदेशातल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंचंही तसंच. रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून आपला पासपोर्ट घेतला, त्याचं मनापासून स्वागत. पण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, तेव्हा असे किती जण येतील? इंग्लंडमध्ये वाढलेला हमझा चौधरी आल्यावर बांगलादेशचा संघ उभा राहिला हे खरं असलं, तरी ढाक्यात आपल्याविरुद्ध गोल केला तो शेख मोरसालिनने, तिथेच वाढलेल्या पोराने.

छेत्रीचं मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण तिथे दुखणं उघडं पडतं. जून 2024 मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून तो निवृत्त झाला. तेव्हा सगळ्यांनी विचारलं, आता गोल कोण करणार? नऊ महिन्यांनी उत्तर मिळालं: पुन्हा छेत्रीच. वयाच्या चाळिशीत त्याला परत बोलावलं, आणि मालदीवविरुद्ध त्याने गोल केलाही. त्याचे देशासाठी 95 गोल आहेत, त्याच्यापुढे हात जोडावेत एवढा मोठा तो खेळाडू. पण त्याला परत बोलवावं लागलं ही शरमेची गोष्ट त्याच्यासाठी नाही, आपल्यासाठी आहे. इंडियन सुपर लीग या देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमधले बहुतेक क्लब गोल करायची जागा परदेशी खेळाडूला देतात. हरलं की मालक विचारणार, म्हणून प्रशिक्षक धोका पत्करत नाही, आणि भारतीय पोरगा बाजूला विंगवर किंवा बाकावर जातो. म्हणजे चौदाव्या वर्षी सामने नाहीत आणि चोविसाव्या वर्षीही त्या जागेवर नाहीत. मग दोह्यात किंवा ढाक्यात गोलसमोर एकटा सापडल्यावर त्याने काय करावं अशी आपली अपेक्षा आहे?

आता सोलापूरला या. आपल्याकडे फुटबॉल खेळणाऱ्या मुलाचं वर्ष कसं असतं ते मी जवळून पाहतो. पावसाळ्यात शालेय स्पर्धा लागतात. चौदा वर्षांखालील, सतरा वर्षांखालील, एकोणीस वर्षांखालील. सुब्रतो करंडकासाठी वेगळे गट. स्पर्धा बाद पद्धतीने. सोळा संघ उतरले असं धरा. पहिल्या दिवशी आठ घरी जातात. दुसऱ्या फेरीत आणखी चार. म्हणजे सोळांपैकी बारा संघांच्या वाट्याला वर्षभरात एक किंवा दोन सामने येतात. जो संघ सगळ्यात कच्चा, ज्याला खेळायची सगळ्यात जास्त गरज, तो सगळ्यात कमी खेळतो. जो आधीच चांगला आहे तो पुढे जातो, विभागाला जातो, आणि तिथे त्याचाही एका सामन्यात निकाल लागतो. मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत काही नाही.

चौदा वर्षांखालचा असाच एक सामना डोळ्यांपुढे आहे. मैदान मुरमाड. पाऊस झालेला नव्हता, सकाळी मारलेली फक्की वाऱ्याने अर्धी उडून गेली होती. गोलच्या खांबांना जाळी नव्हती, त्यामुळे चेंडू आतून गेला की बाहेरून यावर एकदा खेळ थांबला. एका शाळेकडून डाव्या पायाचा एक पोरगा खेळत होता. पूर्व भागातला, वडील यंत्रमागावर. थोरल्या भावाचे बूट, पुढे चिंधी कोंबलेली. त्याने उजव्या बाजूने आत येऊन, मान वर न करता, डाव्या पायाने लांबच्या खांबाकडे असा एक चेंडू टाकला की बाजूला उभे असलेले दोन्ही शाळांचे मास्तर एकमेकांकडे बघायला लागले. ती गोष्ट त्याला कुणी शिकवलेली नव्हती. सामना बरोबरीत सुटला, टायब्रेकरवर त्याची शाळा हरली. गुडघ्यावरचं रक्त पाण्याने धुता धुता त्याने सरांना विचारलं, "सर, पुढची मॅच कधी हाय?" सर काही बोलले नाहीत. पुढची मॅच नव्हती. पुढच्या वर्षी तो चौदाच्या गटातून बाहेर, म्हणजे सतराच्या गटात, त्याच्या खांद्याएवढ्या छातीच्या पोरांसमोर.

या मुलात छांगते होता की नव्हता, मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही, कारण ते कळायला तो पन्नास सामने खेळताना दिसायला हवा.

आणि गंमत बघा, सामने खेळवून माणूस घडवायची रीत आपल्या मातीला नवी नाही. सोलापूर जिल्ह्यात कुस्ती कशी वाढली? अकलूज, मोहोळ, मंगळवेढा, बार्शी, कुठल्याही बाजूच्या गावाच्या जत्रेत जा. फड सुरू होतो तो रेवडीवरच्या कुस्त्यांनी. सहा-सात वर्षांची पोरं मातीत उतरतात, जिंकलं तर मूठभर रेवड्या. मग नारळावरची कुस्ती, मग दहा-वीस रुपयांची, मग पन्नास-शंभराची, आणि दिवस कलला की मोठ्या जोडी. चितपट झालेलं पोरगं उठतं, अंगावरची माती झटकतं आणि पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावच्या जत्रेत पुन्हा उभं राहतं. त्याला कुणी सांगत नाही की तू हरलास, आता वर्षभर घरी बस. वस्तादही पोराचं पाणी जोखतो ते एका कुस्तीवरून नाही, अख्ख्या मोसमावरून. हंगाम संपेस्तोवर त्या पोराच्या अंगात किती लढती मुरलेल्या असतात! हाच न्याय आपण फुटबॉलला लावला नाही. जे आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे ते शाळेच्या मैदानावर आलं की विसरलो.

क्रिकेटने सगळं खाल्लं, हे दुसरं लाडकं कारण. त्याला मिझोराम हे उत्तर आहे. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या मिझोराम राज्याची लोकसंख्या सुमारे 11 लाख. त्याच जनगणनेत आपल्या सोलापूर शहराची साडेनऊ लाख, जिल्ह्याची 43 लाख. म्हणजे ते राज्य आपल्या शहराहून जरासंच मोठं. डोंगराळ भाग, सपाट मैदानांची वानवा, पैसा बेताचा. त्यांनी 2012 मध्ये स्वतःची मिझोराम प्रीमियर लीग सुरू केली. तिथल्या स्थानिक केबल वाहिनीने त्यात पैसा घातला आणि सामने घराघरांत दाखवले. दोन वर्षांत, 2014 मध्ये, मिझोरामने राज्याराज्यांच्या संघांचा संतोष करंडक जिंकला. 2017 मध्ये ऐझॉल क्लबने आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून तिथल्या सगळ्या श्रीमंत क्लबांना मागे टाकलं, आणि त्या संघाचे प्रशिक्षक होते हेच खालिद जमील. दोह्यात आणि मडगावला आपल्याला आघाडी मिळवून देणारा छांगते त्याच राज्यातला. ही काही दैवी देणगी नाही. तिथे पोराला पुढची मॅच कधी आहे हे माहीत असतं.

आपल्या शेजारी कोल्हापूर आहेच. तिथल्या शाहू स्टेडियमवर पेठांचे, तालमींचे संघ लीग खेळतात, भर उन्हात हजारो लोक बसतात. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. सोलापूरच्या पोरांपेक्षा तिथल्या पोरांचे पाय काही वेगळे नाहीत. त्यांच्याकडे मोसम आहे, आपल्याकडे फक्त स्पर्धा आहे.

जुन्या सोन्याच्या गोष्टी सांगणारेही भेटतात. 1951 चं आशियाई सुवर्ण, 1956 ला मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध मुंबईच्या नेव्हिल डिसूझाची हॅटट्रिक आणि ऑलिंपिकमधलं चौथं स्थान, 1962 ला जाकार्तात कोरियाला हरवून पुन्हा सुवर्ण. अभिमान मलाही आहे. पण त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम आले कुठून? हैदराबादहून, जिथल्या सिटी पोलिसांच्या संघाने त्यांच्या हाताखाली 1950 ते 1954 सलग पाच वेळा मुंबईचा रोव्हर्स करंडक नेला होता. पूर्व भागातल्या कितीतरी घरांची सोयरीक त्या हैदराबादशी आहे. कोलकाता, मुंबई, हैदराबाद या शहरांत तेव्हा वर्षभर लीग आणि स्पर्धा चालत, नोकरी सांभाळून लोक खेळत. खेळ बुटांशिवायही मोठा झाला, सामन्यांशिवाय झाला नाही.

सरकारं काही करत नाहीत असं म्हणणार नाही. करतात, पण जे करतात ते एका दिवसाचं असतं. सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात होणार म्हणून 15 सप्टेंबर 2017 ला महाराष्ट्रात दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवायची मोहीम झाली. शाळांना चेंडू वाटले गेले. त्या दिवशीचा उत्साह मी पाहिला आहे, मुली साडेअकराच्या उन्हात हॉल सोडून मैदानावर आल्या होत्या आणि घरी जायला तयार नव्हत्या. पुढे एका शाळेत तो चेंडू प्रयोगशाळेच्या कपाटात हवा गेलेल्या अवस्थेत पाहिला. विचारलं तर कळलं, हरवू नये म्हणून ठेवलाय. शिक्षकांना दोष द्यायचा नाही. त्यांना चेंडूचा हिशेब द्यावा लागतो, किती सामने झाले याचा हिशेब कुणी मागत नाही.

डिसेंबर 2025 मध्ये मेस्सी येऊन गेला. मुंबईत वानखेडेवर त्याच्या हस्ते राज्य सरकारच्या प्रोजेक्ट महादेवामधल्या मुलांचं कौतुक झालं. राज्यभरातून तेरा वर्षांखालील तीस मुलगे आणि तीस मुली निवडून त्यांना पाच वर्षं शिष्यवृत्ती आणि प्रशिक्षण द्यायचं, अशी ती योजना. त्या साठ मुलांचं भलं होवो, मनापासून. मुली बरोबरीने घेतल्या हे तर फारच चांगलं केलं. पण माझा प्रश्न निवडचाचणीचा आहे. एका सकाळी, पाठीवर नंबर लावून, अनोळखी मुलांसोबत वीस मिनिटं खेळणाऱ्या पोरातलं नेमकं काय दिसतं? उंची दिसते, वेग दिसतो. डाव्या पायाचा तो बारका पोरगा दिसत नाही. त्याला हुडकायची चाळणी म्हणजे जिल्ह्याची लीग, आणि ती चाळणीच आपल्याकडे नाही. आधी पीक घ्यावं लागतं, मग त्यातलं बी निवडता येतं.

वरच्या पातळीवरही हीच गत झाली. भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर 2025 मध्ये संपत होता, नव्या कराराचं जमेना, म्हणून जुलैमध्येच सुपर लीग बेमुदत पुढे ढकलली गेली. नेहमी सप्टेंबरात सुरू होणारा मोसम सुरूच झाला नाही. देशातले सगळ्यात चांगले खेळाडू लीगचा एकही सामना न खेळता सिंगापूरसमोर उभे राहिले. ढाक्यातही तीच अवस्था. पगार मिळेल का, क्लब राहील का, याची धास्ती वेगळीच. त्या पोरांना शिव्या घालताना हे कुणी बोललं नाही. शाळकरी पोराची जी अडचण, तीच राष्ट्रीय संघाची झाली: पुढची मॅच कधी, ठाऊक नाही.

उलट जिथे सातत्य ठेवलं तिथे फळ आलंय. आपल्या महिला संघाने 5 जुलै 2025 ला थायलंडला त्यांच्याच भूमीवर 2-1 ने हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि पात्रता फेरी जिंकून आशियाई चषक गाठला. त्यांना मिळणारा पैसा, सोयी, प्रसिद्धी पुरुषांच्या पासंगाला पुरत नाही. त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला अहमदाबादेत आपल्या सतरा वर्षांखालील मुलांनी इराणला 2-1 ने हरवून आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. इराणला! ढाक्याच्या पराभवानंतर बाराच दिवसांनी. ज्याला हा आपला खेळ वाटत नाही त्याने तो सामना एकदा पाहावा. भीती एवढीच वाटते की ही मुलं एकोणिसाव्या-विसाव्या वर्षात जातील तेव्हा त्यांना आठवड्याला एक सामना देणारी जागा सापडणार आहे का.

मग सोलापुरात काय करता येईल? मी मोठं काही मागत नाही. शहरातल्या आठ शाळा घ्या. वय बारा वर्षांखाली. सात-सात किंवा नऊ-नऊ जणांचे संघ, अर्ध्या मैदानावर. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं. एकूण 28 सामने. दर रविवारी सकाळी चार खेळवले तर सात रविवारांत लीग पूर्ण. दिवाळीनंतर सुरू केली तर गड्ड्याच्या आधी आटोपते, ना ऊन आडवं येतं ना वार्षिक परीक्षा. सगळ्यात शेवटी राहिलेल्या संघालाही सात सामने मिळतात, आज जिंकणाऱ्याला मिळतात त्याहून जास्त. तितक्याच मुलींच्या शाळा, त्याच रविवारी, त्यानंतरच्या वेळेला. महासंघानेही लहान मुलांच्या लीगची कल्पना 2018 पासून मांडलेली आहे. आपल्याला वेगळं काही शोधून काढायचं नाही.

खर्च? फक्कीची पोती, प्रत्येक शाळेला दोन चेंडू, पंचाला प्रवासापुरतं मानधन, प्रथमोपचाराची पेटी, पाण्याचे जार. गणपती मंडळ एका मिरवणुकीच्या डीजेला जे देतं, त्यात हे सगळं बसून वर उरेल. चौकाचौकांत शिवजयंतीला, आंबेडकर जयंतीला, गणपतीला वर्गणी काढणारं हे गाव आहे. चादरीचे, टॉवेलचे कारखानदार क्रिकेटच्या रात्रीच्या स्पर्धांना हजारोंची बक्षिसं लावतात. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्यातल्या एकाने एका वयोगटाची लीग तीन वर्षांसाठी उचलावी. बक्षीस ठेवू नये, खर्च उचलावा. बक्षीस ठेवलं की वय चोरणं सुरू होतं, आणि बारा वर्षांखालच्या संघात मिसरूड फुटलेली पोरं दिसायला लागतात. हे आपल्याकडे झालेलं आहे.

मैदानाचा प्रश्न खरा आहे. पार्क स्टेडियम क्रिकेटचं, ते मागून उपयोग नाही. कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलावर आधीच गर्दी. पण रविवारी सकाळी शाळांची स्वतःची मैदानं कुलूप लावून पडलेली असतात. त्यातली दोन उघडली तरी भागतं. त्यासाठी संस्थाचालकांनी हो म्हणायला हवं, आणि ते हो म्हणतील ते पालकांनी विचारल्यावर. आज पालक शाळेत येतात ते दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतील का हे विचारायला. ते गुण मिळतात त्यासाठी स्पर्धेत अमुक पातळी गाठावी लागते, म्हणून मास्तरही निवडक अकरा पोरांवर मेहनत घेतात आणि बाकीची चाळीस कडेला उभी राहून चेंडू आणून देतात. राष्ट्रीय संघ त्या चाळिसांतूनही निघायचा असतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

2026 च्या जून-जुलैत अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडात विश्वचषक होईल. 48 संघ. दीड लाख वस्तीचं क्युरासाओ पहिल्यांदा तिथे पोहोचलंय, उझबेकिस्तान आणि जॉर्डन पहिल्यांदा पोहोचलेत. सोलापुरात अर्जेंटिना-ब्राझीलचे झेंडे लागतील, रात्री-पहाटेचे सामने बघत पोरं जागतील, मीही जागेन. त्या महिनाभरात शहरातल्या प्रत्येक शाळकरी पोराच्या पायात चेंडू असेल, हा अनुभव दर चार वर्षांनी येतो आणि ऑगस्टपर्यंत ओसरतो. तो ओसरायच्या आत आठ शाळांनी वेळापत्रक ठरवावं. ज्या क्रीडाशिक्षकांशी मी बोललो ते तयार आहेत, शिट्टी वाजवायला रेल्वेतून निवृत्त झालेले दोघे जुने खेळाडू तयार आहेत. स्थानिक वर्तमानपत्रांकडे माझी एकच मागणी आहे. सोमवारच्या अंकात चार ओळींची जागा द्या: कोण कुणाशी खेळलं, किती गोल झाले, आणि पुढच्या रविवारी कुणाची मॅच किती वाजता, कुठल्या मैदानावर.